‘काल’, ‘काळ’ आणि 22 इलेक्ट्रोड

‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द कोणी सुटे उच्चारले, तर त्यांतला फरक मला अजूनही नुसत्या कानाने ओळखता येत नाही. वाक्य पुढे गेले की संदर्भाने तो उमगतो. कानात कॉक्लियर इम्प्लांट हे ऐकण्याचे यंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेला चार वर्षे झाली तरी भेटणारे विचारतात, ‘‘आता सगळं ऐकू येतं ना?’’ आणि दर वेळी मला हा ‘ळ’ आठवतो.

निरोगी कानात ध्वनीची कंपने श्रवणतंतूंपर्यंत पोचवणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3,500 असतात. माझ्या त्या पेशी चाळिशीपर्यंत हळूहळू निकामी होत गेल्या, आणि मग श्रवणयंत्राने आवाज कितीही मोठा केला तरी तो घेणारे आत कोणी उरले नाही. कॉक्लियर इम्प्लांट आवाज मोठा करतच नाही. कानामागचा प्रोसेसर आवाजाची कंपनसंख्येनुसार वाटणी करतो, चुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉइल ती माहिती कातडीखालच्या भागाला बिनतारी पोचवते, आणि तिथून निघालेली बारीक तार कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या वळणदार अवयवाच्या, आत शिरून श्रवणतंतूंना थेट विजेचे सूक्ष्म स्पंद देते. कानातल्या या शंखाच्या तोंडाशी तीव्र स्वर आणि आतल्या वळणात खर्ज, अशा जागा निसर्गानेच ठरवून दिलेल्या असल्यामुळे हे साधते. ही तार वळणांतून खोलवर सरकवायची कशी, हा असे इम्प्लांट घडवणारे ऑस्ट्रेलियन डॉक्टर ग्रॅम क्लार्क यांचा प्रश्न 1977 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर सुटला. किनाऱ्यावरच्या खऱ्या शंखात गवताची पाती घालून पाहताना टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पात आत जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. (रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर मीही हा प्रयोग केला. पात मोडली.)

माझ्या तारेवर हे स्पंद सोडणारे 22 इलेक्ट्रोड आहेत, परंतु कानातल्या शंखातल्या द्रवात वीज पसरत असल्याने शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडांचे काम एकमेकांत मिसळते. ते सगळे एकदम चालवण्याऐवजी अतिशय वेगाने एकामागून एक चालवण्याची पद्धत अमेरिकन संशोधक ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडली, आणि ओठ न पाहता बोलणे समजणे पुष्कळांना शक्य झाले.

यंत्र सुरू केले त्या दिवशी मात्र यजमानांचा भारदस्त आवाज मला पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या चिमणीसारखा वाटला. तारेचे टोक सहसा अगदी आतल्या वळणापर्यंत पोचत नाही, त्यामुळे खर्जातला आवाजही वरच्या जागी वाजतो. पुढच्या तीन महिन्यांत ऑडिओलॉजिस्टने मॅपिंग करून प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी अनेकदा बदलली. तथापि चिमणीचा पुन्हा माणूस झाला तो प्रामुख्याने मेंदूच्या सरावाने. यजमान माझ्या पाठीमागे बसून वारांची नावे उलटसुलट म्हणत असत. सगळ्यांच्या शेवटी ‘वार’च असल्याने ओळख पटायची ती पहिल्या दोन-तीन अक्षरांवरून, आणि ‘सोम’ व ‘बुध’ यांनी मला आठवडाभर छळले.

संगीताची गोष्ट वेगळी आहे. भजनातले टाळ आणि पखवाज मला नेमके कळतात, कारण लय हे यंत्र चोख पोचवते, पण चाल हरवते. पेटीवर सा आणि रे यांतले अंतर माझ्यापर्यंत बहुधा येतच नाही. जे अभंग लहानपणी पाठ झाले आहेत तेवढ्यांची चाल मी आठवणीतून भरून घेते. नवे गाणे मला कुणी ऐकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात प्रोसेसर रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात मी पूर्ण बहिरी असते. सकाळी तो कानामागे लावला की यजमान ओठांपुढे वर्तमानपत्र धरून आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी म्हणतात, कारण बोलण्यातल्या खालच्या-वरच्या साऱ्या पट्ट्या त्यांत येतात. ‘स’ ऐकू आला नाही तर माइकपाशी दमट हवा शिरल्याची शंका घ्यायची. ही तपासणी झाल्यावर ते स्वतःच्या हौसेने ‘काल’ आणि ‘काळ’ दहा वेळा म्हणतात. माझी उत्तरे साधारण पाच वेळा बरोबर येतात, म्हणजे डोळे मिटून नाणे उडवले असते तरी इतकीच आली असती.