ओळंब्यात न बसणारा पाय

शर्यतीचा वछेरा पाहायला गेलेल्या माणसाची नजर आधी डोक्याकडे, डोळ्यांकडे आणि चकाकणाऱ्या अंगाकडे जाते. मी मात्र जाणीवपूर्वक टापांपासून वर पाहत जातो, कारण अंगावरची चकाकी बऱ्याच अंशी खरारा करणाऱ्याच्या मेहनतीची असते, तर पायांची ठेवण ही त्या जनावराची स्वतःची असते. वर्ष-दीड वर्षाच्या वछेऱ्याकडे पाहून तो किती वेगाने धावेल हे सांगता येते, असे मला वाटत नाही; त्याचे शरीर वेगाचा भार कोठे सोसणार नाही, एवढे मात्र पुष्कळदा सांगता येते.

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पुढच्या पायांवर असतो आणि भरधाव धावताना एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे धड दोन पुढच्या पायांमध्ये केवळ स्नायूंनी तोललेले असते. गुडघ्याखाली तर स्नायूही नसतात, तिथे फक्त हाडे, कंडरा आणि अस्थिबंध. म्हणूनच समोरून पाहताना खांद्याच्या टोकापासून सोडलेला काल्पनिक ओळंबा गुडघा, नळी (गुडघ्याखालचे लांब हाड) आणि फेटलॉक (नळीखालचा, टापेच्या वरचा सांधा) यांच्या मधोमध जाऊन टापेच्या मध्यावर उतरावा, अशी अपेक्षा असते. नळी गुडघ्याच्या मधोमध न बसता बाहेरच्या बाजूला सरकलेली असेल, तर आतल्या बारीक हाडावर अकारण ताण पडतो.

समोरून दिसणाऱ्या दोषांपेक्षा बाजूने दिसणारा एक दोष मला अधिक घाबरवतो, तो म्हणजे मागे झुकलेला गुडघा. थकलेल्या घोड्याचा गुडघा प्रत्येक झेपेला आधीच मागे ताणला जातो. ज्याचा मुळातच मागे झुकलेला आहे, त्याच्या सांध्याच्या पुढच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि हाडाचा टवका उडण्याचा धोका वाढतो. याउलट किंचित पुढे वाकलेला गुडघा डोळ्यांना बरा दिसत नसला तरी सहसा फारसा त्रास देत नाही. तरीही नियमाला अपवाद आहेतच. जॉन हेन्री या अमेरिकन घोड्याचे गुडघे असेच मागे झुकलेले होते आणि तो लहानपणी अवघ्या 1,100 डॉलरना विकला गेला होता. पुढे त्याने 65 लाख डॉलरहून अधिक बक्षिसे मिळवली आणि 1981 व 1984 या दोन्ही वर्षांचा सर्वोत्तम घोडा तोच ठरला.

वयाचा विचार न करता ठेवणीबद्दल बोलणे व्यर्थ आहे. फेटलॉकजवळच्या हाडाची वाढ पहिल्या तीन-चार महिन्यांतच जवळजवळ आटोपते, त्यामुळे तिथला वाकडेपणा वर्षाच्या शिंगरात दिसला तर तो कायमचा समजावा. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ मात्र दोन वर्षांच्या पुढेमागेपर्यंत चालते. अरुंद छातीच्या वछेऱ्याचा अख्खा पाय थोडा बाहेर वळलेला असेल, तर छाती भरत जाते तशी कोपरे बाहेर सरकतात आणि पाय बराचसा सरळ होतो. पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच दिसणे हाही या वयात दोष नव्हे.

यानंतर चाल. सैल लगामाने, सपाट जमिनीवर, न घाई करता चालवायला सांगावे आणि ठसे पाहावेत. मागची टाप पुढच्या टापेच्या ठशापलीकडे वीतभर पडत असेल, तर खांदा मोकळा आहे आणि पुठ्ठ्याचा जोर पुढे पोहोचतो आहे असे समजायला हरकत नाही. तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याच्या, जागी छाती खोल असावी ही अपेक्षाही रास्तच, पण आतले हृदय आणि फुफ्फुसे बाहेरून कोणालाच दिसत नाहीत. 2006 साली द ग्रीन मंकी हा दोन वर्षांचा देखणा वछेरा 1 कोटी 60 लाख डॉलरना विकला गेला. तो तीनच शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही.

माझी स्वतःची चूक जॉन हेन्रीला स्वस्तात विकणाऱ्यांच्या उलट्या दिशेची होती. एका मित्राच्या सांगण्यावरून मी एक वछेरा पाहिला; पुठ्ठे भरदार, चाल इतकी लांब की चालवणाऱ्याला जवळजवळ पळावे लागत होते. बाजूने पाहताना गुडघे जरासे मागे वाटले होते, पण तो पुन्हा चालू लागला आणि मी ती शंका गिळली. अडीच वर्षांचा असताना त्याच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा टवका निघाला. शस्त्रक्रियेनंतर तो धावला, पण ती लांब झेप परत आली नाही. पहिल्या दिवशी काढलेले त्याचे छायाचित्र अजून माझ्याकडे आहे. गुडघ्यापासून नळीपर्यंतची ती किंचित मागे गेलेली रेषा त्यात अगदी स्पष्ट दिसते.