माणूस बोलवावा लागेल का?

“हे सगळं तुम्हीच जोडलं? माणूस नाही बोलावला?”

आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा आलेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. आधी टीव्हीच्या दोन्ही अंगांच्या उभ्या स्पीकरांकडे बघतो, मग खालच्या काळ्या डब्याकडे, मग वाकून डब्याच्या पाठीमागे. तिथल्या वायरींचा गुंता दिसला की प्रश्न ठरलेला. परवा समोरच्या गल्लीतल्या अण्णांनी विचारला. त्यांच्या मुलाने पुण्याहून होम थिएटरचा संच पाठवलाय: रिसीव्हर (आमच्याकडचा तो काळा डबा, सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा), पाच स्पीकर आणि सब-वूफर, म्हणजे खालचा भारदस्त आवाज काढणारा स्पीकर. खोकी आठ दिवस ओसरीवर पडून आहेत, कारण फिटिंगवाला जळगावहून अमळनेरला यायचे वेगळे पैसे मागतोय. तेव्हा अण्णा, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचा संच जोडला मीच. दोनदा जोडला, कारण पहिल्यांदा चुकला. आणि अगदी एकट्याने नाही. आई सोफ्यावर बसलेली होती. तिचं पुढे येईल.

पाठीमागची भोकं बघून घाबरायचं काही कारण नाही. त्यातली निम्मी व्हीसीआर-डीव्हीडीच्या जमान्यातली आहेत, लाल-पांढरी-पिवळी. तुमच्या कामाची मोजकीच: टीव्हीकडे जाणारं एक एचडीएमआय आउट (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं चपटं भोक), सेटटॉप बॉक्ससाठी एक एचडीएमआय इन, स्पीकरच्या लाल-काळ्या पाच जोड्या आणि सब-वूफरचं एक गोल भोक. बाकीच्यांवर प्लास्टिकची टोपणं असतील तर ती काढूही नका. आपल्याकडची धूळ तुम्हाला ठाऊक आहे.

स्पीकरसाठी दुकानात पारदर्शक, सोनेरी तारेची महागडी वायर दाखवतात. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधी दीड एमएमची मल्टिस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांच्या जुडग्याची, तांब्याची वायर आणली. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला वीस-पंचवीस फुटांवर ती पुरून उरते; त्याच्या दुप्पट अंतर असेल तर अडीचची घ्या. ती भिंतीवरून पट्टीतून न्या, सोफ्याखालून मोकळी नेलीत तर केरसुणीत अडकेल. स्पीकरचा लाल रिसीव्हरच्या लालला आणि काळा काळ्याला. एखादा उलटा लागला तर काही जळत नाही, पण दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलू लागतात आणि खालचा भारदस्त आवाज कुठे गेला ते कळत नाही.

माझी पहिली चूक इथेच झाली. वायर सोलली, तारांना पीळ दिला, भोकात घातली, टोपी आवळली. एक तार बाहेर राहिली, केसाएवढी. ती शेजारच्या काळ्या टोपीला टेकली. रिसीव्हर चालू केला, दोन सेकंदांनी टक्क करून बंद. पुन्हा चालू, पुन्हा टक्क. मी कपाळाला हात लावला, एवढे पैसे पाण्यात गेले म्हणून. खरं तर तो स्वतःला वाचवत होता. शॉर्ट दिसला की आतलं संरक्षण त्याला बंद करतं. मोबाइलच्या उजेडात अर्धा तास शोधल्यावर ती तार सापडली. तेव्हापासून मी प्रत्येक टोकाला बनाना प्लग लावतो, म्हणजे तारा आत आवळून धरणारी धातूची पिन. आणि एवढं पाळाच: वायरींना हात लावण्याआधी रिसीव्हरची पिन बोर्डातून काढा.

आता टीव्ही. यात सगळे अडकतात. रिसीव्हरमधून टीव्हीकडे चित्र जातं, हे पटतं. पण टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला तर त्याचा आवाज रिसीव्हरकडे यायचा कसा? त्याच वायरीतून, उलट दिशेने. याला एआरसी म्हणतात, ऑडिओ रिटर्न चॅनल, आवाजाची परतीची वाट. ही सोय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. बऱ्याच नव्या टीव्हींवर ईएआरसी, म्हणजे सुधारलेलं एआरसी, असतं, ते २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलं, आणि त्यातून न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) पूर्ण आवाजही जातो. अट एकच. वायर टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच हवी, बहुतेक टीव्हींना तसं एकच असतं. मी शेजारच्यात खुपसली होती, कारण तिथे हात सहज पोचत होता.

ते सुधारल्यावरही मागचे दोन स्पीकर आठवडाभर मुके होते. मी दुकानदाराला फोन करकरून भंडावलं. दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये होता: आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ वर होता, म्हणजे पाच वाटांचा आवाज टीव्ही आधीच दोन वाटांत कालवून देत होता. तो ‘पास थ्रू’, म्हणजे आला तसा पुढे, केला आणि सिनेमातला पाऊस एकदम पाठीमागे पडायला लागला. काही टीव्हींवर त्याला ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ म्हणतात. दुकानदाराची माफी मागायला मी पेढे घेऊन गेलो होतो.

स्पीकर कुठे ठेवायचे, यावर आपल्याकडे मंगल कार्यालयाचा पगडा आहे: चार कोपऱ्यांत, छताला टेकवून. तसं करू नका. तुम्ही बसता ती जागा आणि पुढचे दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. मागचे दोन खरं तर अगदी मागे नसतातच. खांद्याच्या रेषेच्या किंचित मागे, दोन बाजूंना, कानापेक्षा थोडे वर.

मग येतो माइक. खोक्यात भोवऱ्यासारखा एक छोटा माइक निघतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा. मी कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसवला. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो, माइक ऐकतो, आणि कोणता किती लांब, किती मोठा, हे यंत्र स्वतःच ठरवतं. हे मी केलं मे महिन्यात, दुपारी तीन वाजता. पारा ४४ वर, कुलर सुसाट. रिसीव्हरने पडद्यावर लिहिलं की आजूबाजूला फार आवाज आहे. कुलर मंद केला, तेच उत्तर. बंद केला, तेच. वरचा पंखा राहिला होता. शेवटी पंखा, कुलर, स्वयंपाकघरातला मिक्सर, सगळं बंद करून मी, बायको आणि पोरगा घामाच्या धारांत वीस मिनिटं पुतळ्यासारखे बसलो. तेवढ्यात बाहेरून कुल्फीवाल्याची घंटा. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून केलं, तेव्हा झालं.

जाता जाता, ज्यांच्या नावाचा शिक्का या डब्यावर असतो ते रे डॉल्बी १९६३ पासून दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून गेले आणि १९६५ मध्ये लंडनला त्यांनी कंपनी काढली. पहिलं काम कोणतं, तर रेकॉर्डिंगच्या टेपमधली खरखर घालवायचं. त्यांना इथे कुलर भेटला होता का, देव जाणे.

मोजमाप झालं की आकडे बघा, पण सगळे बदलायला जाऊ नका. सब-वूफर मोजायच्या टेपने आठ फुटांवर आणि यंत्र म्हणतं तेरा. ते चुकलेलं नाही. सब-वूफरच्या आत आवाजाला जो उशीर होतो तो त्याने अंतरात धरलाय. एक मात्र बदला: यंत्राने स्पीकरना ‘लार्ज’ म्हटलं असेल तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा आवाज सब-वूफरकडे वळवायची सीमा, ८० हर्ट्झला ठेवा. त्याखालची धडधड सब-वूफरने उचलायची, लहान स्पीकरांनी नाही.

इथपर्यंत आलो आणि मला वाटलं, झालं. आईला बोलावलं, सिनेमा लावला. स्फोट झाला, खिडक्या थरथरल्या, मी ऐटीत तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “त्या काय बोलतस ते मले समजत नही.”

बरोबर होतं तिचं. माणसांचं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं, आणि तो मी कपाटाच्या कप्प्यात आत सरकवला होता, दिसायला नीट म्हणून. बाहेर कडेला ओढला, पुढून लाकडाची चकती घालून तोंड जरा वर केलं, त्याचा आवाज ३ डेसिबलने चढवला. थोडा फरक पडला. उरलेला दोष खोलीचा होता. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड भिंती होत्या, आवाज जिरायचा. आता स्लॅब, फरशी, काच. टाळी वाजवली की टर्रर्र असा पडसाद. मग खाली जाड सतरंजी आली, खिडकीला पडदे, आणि मागच्या भिंतीवर आईनेच शिवलेली गोधडी. भिंतीला कुणी गोधडी पांघरतं का, म्हणून ती दोन दिवस कुरकुरली. तिसऱ्या दिवशी मालिका बघता बघता म्हणाली, “आते समजनं.”

विजेचं थोडक्यात. डब्याच्या वर निदान वीतभर मोकळी जागा ठेवा, आपल्या उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. त्यावर सेटटॉप बॉक्स तर मुळीच ठेवू नका. साध्या स्क्वेअर वेव्ह, म्हणजे ओबडधोबड वीज देणाऱ्या, इन्व्हर्टरवर स्पीकर घूं करतात. लाइट गेली की सिनेमा थांबवा, शेव खा.

तर अण्णा, माणूस बोलवू नका. रविवारी पहाटे साडेचारला मी येतो, सोबत तिपाई आणि सोलायची पक्कड आणतो. दीड एमएमची साठ फूट वायर आणून ठेवा. कुलर रात्रीच बंद करा. आणि काकूंना म्हणावं, त्या दिवशी माहेरी जाऊ नका, सोफ्यावर त्याच बसायच्या आहेत.