पचमढी सायकल राइड आणि एका सहीचे तेवीस दिवस

आधी कामाचं सांगून टाकते. लांबच्या ग्रुप राइडला नाव देणार असाल तर फिटनेस सर्टिफिकेटचा फॉर्म पहिल्याच दिवशी नीट वाचा. मी तो वाचला नाही. चार महिने पहाटे उठून पाय तयार केले आणि शेवटचे तेवीस दिवस एका सहीसाठी रुग्णालयात चकरा मारल्या. राइड होऊन महिना झाला, पण तो कॉरिडॉर आठवला की अजूनही डोकं तापतं.

मी ४६ वर्षांची, शाळेत शिकवते. राइड होती नागपूर ते पचमढी, २४ आणि २५ जानेवारीला, दोन दिवसांत मिळून अडीचशेच्या आसपास किलोमीटर. पहिल्या दिवशी सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट आणि छिंदवाड्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी तामिया, मटकुली आणि तिथून वर. विदर्भातल्या घरांमध्ये पचमढीला जाणं म्हणजे महादेवाला जाणं. माझे आजोबा महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीच्या चौरागडावर जायचे, आणि ते परत येईपर्यंत आजी अंगणात वाट बघायची, हे मी आईकडून शंभरदा ऐकलंय. गटात या राइडची घोषणा झाली त्याच रात्री मी नाव दिलं.

सरावाचं फार सांगत नाही, कारण तो अडला नाही. सप्टेंबरात पाऊस ओसरल्यावर सुरुवात केली. आठवड्यात तीन दिवस पहाटे पाचला सेमिनरी हिल्सच्या फेऱ्या, आणि रविवारी लांब. आधी कोंढाळीच्या रस्त्याने चाळीस, मग साठ, मग ऐंशी. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी रामटेक जाऊन-येऊन शंभर झाले, गडमंदिराच्या चढासकट. त्या दिवशी घरी येऊन मी दोन तास झोपले आणि उठल्यावर पाय दुखत नव्हते. तेव्हाच मला वाटलं, आता पचमढी आपली.

फॉर्म त्याच आठवड्यात आला. एक पान. वर नाव, वय, रक्तगट. खाली डॉक्टरांनी भरायचे चार रकाने: नाडी, रक्तदाब, ईसीजी, शेरा. त्याखाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आणि तळाशी बारीक अक्षरात तीन अटी: डॉक्टर एमबीबीएस किंवा त्यापुढचे हवेत, तारीख राइडच्या आधीच्या तीस दिवसांतली हवी, आणि कागद १४ जानेवारीला संध्याकाळी पाचपर्यंत पोचला पाहिजे. या तीन ओळी मी नजरेखालून घातल्या, पण डोक्यात शिरू दिल्या नाहीत.

२२ डिसेंबरला आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले. वीस वर्षं आम्हाला तपासणारा माणूस. त्यांनी प्रेमाने फॉर्म भरला आणि सही करताना स्वतःच थांबले. "ताई, मी बीएएमएस. इथे एमबीबीएस लिहिलंय. तुमचा कागद परत येईल." ते बोलले म्हणून मी बचावले. रात्री घरी बसून हिशेब केला, तर तीस दिवसांच्या अटीत २२ तारीखही बसत नव्हती.

२६ डिसेंबर, शुक्रवार. शाळेतून अर्धी रजा घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेले. केसपेपरची रांग पाऊण तासाची. खिडकीतून सांगितलं, खोली १४. खोली १४ मधून सांगितलं, आधी ईसीजी, खोली ९. खोली ९ बाहेर बाकावर अकरा जण. ईसीजी निघाला आणि त्यावर मशीननेच छापलं होतं: सायनस ब्रॅडीकार्डिया, ठोके ५२. कागद घेऊन परत खोली १४. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ते दोन शब्द वाचले आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, ठोके कमी आहेत. मी नाही देऊ शकत. मेडिसिनच्या सरांना दाखवा."

"सर कुठे आहेत?"

"सर आज गेले. फिटनेसचे कागद मंगळवारी आणि शुक्रवारीच होतात, अकरा ते एक."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

ब्रॅडीकार्डिया हा शब्द ऐकून त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते. बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटाला साठाच्या खाली आले की मशीन हा शब्द छापतं. महिनोन्‌महिने सायकल चालवणाऱ्याचं, धावणाऱ्याचं, पोहणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, त्यामुळे विश्रांतीत त्याला कमी ठोके पुरतात. चक्कर येत असेल, धाप लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तपासणीला पर्याय नाही. मला यातलं काहीच नव्हतं. पण मला कुणी विचारलंही नाही. सायकल चालवता का, किती चालवता, चढावर त्रास होतो का, यातला एकही प्रश्न त्या दिवशी कुणाच्या तोंडून आला नाही. कागदावर छापलेले दोन शब्द सगळ्यांनी वाचले. समोर उभी असलेली बाई कुणी पाहिली नाही. माझा खरा राग त्याचा आहे.

मंगळवारी, ३० तारखेला, सर रजेवर. दारावरचे भाऊ म्हणाले, "नवीन वर्ष येऊन राहिलं ना मॅडम, शुक्रवारी या." शुक्रवारी, २ जानेवारीला, सर भेटले. चांगले होते, शांतपणे ईसीजी पाहिला, स्टेथोस्कोप लावला. म्हणाले, "बहुतेक काही नाही, पण तुमचं वय आणि घाट बघता टीएमटी करू, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी. ती नॉर्मल आली की लगेच सही." त्यांचं म्हणणं मला पटलं. पन्नाशीकडे जाणाऱ्या माणसाने अशा राइडआधी हृदय तपासून घ्यायलाच हवं, यावर माझं दुमत नाही. टीएमटीच्या खिडकीवर गेले तर तारीख मिळाली १३ जानेवारी.

मी खिडकीला धरून उभी राहिले. भाऊ, १४ ला माझा कागद जायचाय, एखादा दिवस अलीकडे होईल का? रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. पानं खरंच भरलेली होती, आणि त्यात छातीत दुखणारी माणसं होती. त्यांच्या आधी मला घ्या, असं म्हणायला जीभ उचलली नाही.

मधल्या दिवसांत एका खासगी डॉक्टरांकडेही जाऊन आले. ते म्हणाले, ज्यांनी टीएमटी लिहून दिली त्यांनाच बघू द्या. आता वाटतं, पहिल्याच दिवशी सरळ एखाद्या फिजिशियनची वेळ घेतली असती आणि "मी चार महिन्यांपासून नियमित सायकल चालवते" हे पहिलं वाक्य म्हणून सांगितलं असतं, तर हे सगळं दोन दिवसांत झालं असतं. तुम्ही तसंच करा. आठवड्याला किती किलोमीटर होतात ते लिहून न्या. मोबाइलमध्ये राइडची नोंद असेल तर ती दाखवा.

या दिवसांत सरावही अर्धा झाला. एक तर मन लागेना, आणि दुसरं म्हणजे संक्रांत जवळ आलेली. नागपुरात जानेवारीचे पहिले पंधरा दिवस सायकल चालवणं म्हणजे गळा धोक्यात घालणं. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी खांबांवर, झाडांवर, रस्त्यावर आडवा तोच लटकलेला असतो. गटात सक्त नियम होता: गळ्याभोवती जाड गळपट्टा, उजाडायच्या आत शहराबाहेर, आणि ऊन चढल्यावर वस्तीतून सायकल हातात धरून चालत. मी तर ८ तारखेनंतर घरातच जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले.

१३ जानेवारी. सकाळी नऊला पोचले तर तंत्रज्ञ बाई माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "चप्पल? यावर नाही होत टीएमटी. बूट आणा." हे चिठ्ठीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याला फोन केला, तो घरून बूट घेऊन येईपर्यंत माझा नंबर तीन जणांच्या मागे गेला. म्हणून सांगते: घसरणार नाहीत असे बूट, सैल कपडे, बायकांनी पुढून उघडणारा कुर्ता किंवा शर्ट, आणि आधीचे दोन-तीन तास पोटभर जेवण नको. औषधं चालू असतील तर ती घ्यायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा.

मशीनवर चढल्यावर मात्र मी माझ्या घरी आल्यासारखी झाले. पट्टा सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटरने फिरतो, चढ दहा टक्के. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही वाढतो. २२० मधून वय वजा केलं की आपले कमाल ठोके निघतात असा ढोबळ हिशेब, माझे १७४, आणि त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १४८ पर्यंत तरी पोचायचं असतं. तंत्रज्ञ बाई दर तीन मिनिटांनी विचारत होत्या, "थांबवू का?" मी म्हणत होते, "नको." बाराव्या मिनिटाला १६२ वर त्यांनीच थांबवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही काय करता?" एकोणीस दिवस त्या इमारतीत चकरा मारल्यावर तो प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. माझा गळा भरून आला. सायकल चालवते म्हटलं. पचमढीला जायचंय.

पण रिपोर्ट टाइप होऊन मिळणार होता दोन दिवसांनी, कारण दुसऱ्या दिवशी संक्रांत आणि टाइप करणारे सुट्टीवर.

१४ तारखेला तिळगुळाचा डबा पिशवीत टाकून मी परत गेले. बुधवार, म्हणजे फिटनेसचा दिवसही नाही. खोली १४ बाहेरच्या सिस्टरने माझा चेहरा आता ओळखला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टाइप व्हायची वाट कशाला बघता? ग्राफ तर कालच निघाला ना. तो घेऊन सरांच्या ओपीडीत जा, सर हाताने लिहून देतील." इतके दिवस हे कुणी सांगितलं नव्हतं! ती स्वतः माझ्यासोबत खोली ९ मध्ये आली, ग्राफ काढून घेतला, आणि मला सरांच्या दारात उभं केलं.

सरांनी ग्राफ पाहिला. दोन मिनिटं, जास्त नाही. चारही रकाने भरले. मान वर करून म्हणाले, "पचमढीपर्यंत सायकलने? या वयात?" माझ्याआधी सिस्टरच बोलली, "सर, आपल्या नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ तर २०१८ मध्ये मॉस्कोवरून व्लादिवोस्तोकला गेले ना सायकलने. नऊ हजार किलोमीटरच्या वर." सर हसले आणि सही केली. शिक्का मारला. मी दारापर्यंत आले आणि तिथेच थांबून कागद पाहिला, कारण एव्हाना मला सवय लागली होती. शिक्क्यात नोंदणी क्रमांक नव्हता. परत आत गेले, त्यांनी पेनने लिहून दिला. तुम्हीही दारातच तपासा: सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. चारही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी फोटो पाठवला. खाली पार्किंगमध्ये आकाशभर पतंग होते. मी गळपट्टा बांधला, सिस्टरला द्यायचा राहिलेला तिळगुळ आठवला, आणि पुन्हा तीन मजले चढून वर गेले.

राइडचं थोडक्यात. पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा हँडलवर बोटं बधिर होत होती. जानेवारीत निघणार असाल तर पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. सिल्लेवानी घाटात मी सगळ्यात हलका गिअर टाकून बसून चढले, उभी राहिले नाही. गटात चालवताना पुढच्याच्या चाकाला आपलं चाक बाजूने भिडू देऊ नका, आणि पुढच्याने "खड्डा!" ओरडलं की तुम्हीही मागच्यासाठी ओरडा. तहान लागायच्या आधी पाणी, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, आणि एका बाटलीत ओआरएस. सीटची उंची घरूनच बघून निघा: पेडल खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. एका ताईंनी आदल्या दिवशी सीट बदलली, आणि छिंदवाड्याला त्यांना गुडघ्याला बर्फ लावून बसावं लागलं.

तामियाला दरीवरून ऊन वर येत होतं. तिथून मटकुलीला उतार, देनवा नदी, आणि मग जवळपास तीस किलोमीटरचा शेवटचा टप्पा. पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, आपलं नागपूर तीनशेच्या आसपास. त्या चढावर मी दोनदा थांबले. एकदा पाण्यासाठी. दुसऱ्यांदा मनगटावरच्या घड्याळात ठोके १५८ दिसले म्हणून, आणि १६२ पर्यंत मी ठीक असते हे मला पक्कं माहीत होतं, तेव्हा पुन्हा बसले आणि चढले.

चार वाजता पोचले. सायकल भिंतीला टेकवून आईला फोन लावला. ती म्हणाली, "महादेवाले जाऊन आली काय?"

"उद्या सकाळी, आई. चौरागडावर पायीच जायचं आहे."

"मग माझ्या बाबाचं नाव घेजो तिथं," ती म्हणाली. मी घेतलं.