या वर्षी डोंगर चढताना तीनदा बसलो

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहून जात होतं, आज दुपारी लाईट गेलीय आणि पेशंटही नाहीत म्हणून मोबाईलवरच टाईप करतोय, चुका असतील तर चालवून घ्या.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझा दवाखाना आहे, २२ वर्षं झाली. आमच्या भागात एक मावशी खानावळ चालवतात, पोरं डबा न्यायला येतात, बुधवारी आणि रविवारी मटण. (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडंतिकडं बदललंय आणि मावशींना विचारून लिहितोय.) गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात मावशी मोरीत घसरून पडल्या, घोट्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पाचव्या आठवड्यात अचानक धाप लागली, छातीत दुखायला लागलं, पोरानं उचलून ॲडमिट केलं. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन बसली होती. आठवडाभर ठेवून घेतलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने दिल्या आणि फेब्रुवारीत बंद केल्या. यात कुणाचं काही चुकलं नाही, प्लास्टरसारखं स्पष्ट कारण असेल तर गोळी कायम चालू ठेवत नाहीत.

चुकलं ते माझं.

डिसेंबरपासून मावशी माझ्याकडं येत होत्या, "डॉक्टर, जरा दम लागतोय." गळीत हंगाम चालू, हवेत काजळी, त्यात दिवसभर भाकरीच्या तव्यापुढं उभं राहणं, वय ५४, वजन वाढलेलं, थायरॉईडची गोळी चालू. मी छातीला नळी लावली, घरघर नव्हती तरी पंप दिला. पुढच्या वेळी हिमोग्लोबिन केलं, ११ निघालं, लोहाची गोळी दिली. तिसऱ्या वेळी ईसीजी काढला, तो बरा वाटला. चौथ्या वेळी मी चक्क म्हणालो, मावशी, वजन कमी करा. एवढा आजार होऊन गेलाय म्हटल्यावर अंगातली ताकद कमी होणारच असं मलाही वाटत होतं आणि त्यांनाही.

मग एप्रिलमध्ये ज्योतिबाची चैत्र यात्रा झाली आणि दोन दिवसांनी मावशी आल्या, कपाळावरचा गुलाल अजून पुरता गेला नव्हता. म्हणाल्या, "या वर्षी डोंगर चढताना तीनदा बसलो बघा. सासू पुढं गेली." (आमच्याकडं बायका आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.) सासू ७६ वर्षांची! मी लिहिता लिहिता थांबलो. गेल्या वर्षी किती वेळा बसला होता विचारलं तर म्हणाल्या, "गेल्या वर्षी? पाण्याचा कॅन घेऊन न बसता चढलो की."

त्यांच्याकडं सगळे कागद बेकरीच्या कॅरीबॅगमध्ये असतात, एक्सरे सुद्धा घडी घालून. ती बॅग चारही वेळा माझ्या टेबलावर होती आणि मी एकदाही उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली. डिस्चार्ज कार्डवर तिसऱ्याच ओळीत पल्मोनरी एम्बोलिझम, म्हणजे फुफ्फुसातली गुठळी, असं लिहिलेलं. मला माहीत नव्हतं असं नाही, तोंडी ऐकलं होतं, पण झालं-गेलं म्हणून डोक्यातून काढून टाकलं होतं.

दवाखान्यामागं घरी जायचा जिना आहे, २२ पायऱ्या. मावशींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, बसून ९६. कंपाउंडरला बरोबर दिलं आणि सावकाश वर जाऊन या म्हटलं, एकदा जमलं, दुसऱ्या फेरीत कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आकडा ८८. घोट्यांवर बोट दाबलं तर खड्डा पडला, आणि फक्त मोडलेल्या पायावर नाही, दोन्ही पायांवर. हे जर मी डिसेंबरात केलं असतं तर, असो.

आता हे काय असतं ते सांगतो, कारण हा पेशंट मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा जात नाही, तो आमच्यासारख्याकडंच येतो, खोकला सर्दी बीपीच्या रांगेत. फुफ्फुसातली गुठळी बहुतेकांची काही आठवड्यांत-महिन्यांत विरघळते. थोड्या लोकांत, शंभरात साधारण दोन ते चार जणांत, ती विरघळत नाही, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून तिचा चिवट व्रण बनतो. रक्ताला वाट कमी मिळते, फुफ्फुसातल्या वाहिन्यांमधला दाब वाढत जातो आणि हृदयाचा उजवा कप्पा, ज्याला बिचाऱ्याला कमी दाबावर काम करायची सवय, तो दमून फुगायला लागतो. याला डॉक्टर लोक सीटेफ म्हणतात. हातावर मोजायचं ते नेहमीचं बीपी यात अगदी नॉर्मल असू शकतं, म्हणून फसगत होते.

आणि एक गंमत, म्हणजे गंमत कसली, मधे बरेच महिने पेशंटला बरंही वाटू शकतं, मग हळूहळू दम लागायला लागतो, तोवर सगळे गुठळी विसरलेले असतात. युरोप आणि कॅनडातल्या २७ सेंटरमधल्या सीटेफच्या पेशंटची एक नोंदवही आहे, २०११ साली छापली गेली, त्यात त्रास सुरू झाल्यापासून निदान व्हायला साधारण १४ महिने लागल्याचं दिसतं. त्यातल्या पाव पेशंटना तर आधी कधी गुठळी झाल्याचंच माहीत नव्हतं. तिकडं ही गत, तर आमच्या पेठेत काय सांगायचं! मावशींचे पाच महिने गेले, ते माझ्या खात्यावर.

उलट बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या सगळे घाबरून स्कॅनला पळतील. गुठळीनंतर दम लागणारे पुष्कळ असतात, काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत, आणि त्यातल्या बहुतेकांना सीटेफ नसतो, झोपून राहून ताकद गेलेली असते, चालायला लावलं की येते. म्हणून २०१९ च्या युरोपियन गाईडलाईनमध्ये एकच साधी गोष्ट आहे, गुठळीनंतर तीन ते सहा महिन्यांनी प्रत्येकाला बोलवा आणि दम लागतो का ते नीट विचारा. लागत असेल तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मी नुसतं दम लागतो का विचारत नाही आता, त्याला सगळे "थोडा थोडा" म्हणतात. मी विचारतो, रंकाळ्याला पूर्ण फेरी होते का, टेंबलाईच्या पायऱ्या एका दमात होतात का, आणि मुख्य म्हणजे गुठळीच्या आधी होत होत्या का. चढताना चक्कर येते का, हेही. थायरॉईडची गोळी चालू असेल, पानथरी (प्लीहा) काढलेली असेल, गुठळीला काही कारणच सापडलं नसेल, किंवा निदान व्हायच्या आधी पंधरा-वीस दिवस अंगावर काढलेलं असेल, तर जास्त लक्ष ठेवायचं.

मावशींच्या इकोत उजवी बाजू मोठी झालेली आणि फुफ्फुसाचा दाब चांगलाच वाढलेला. त्याच दिवशी फिजिशियनना फोन केला, रक्त पातळ करायची गोळी पुन्हा चालू झाली, आता ती जन्मभर. मग पुण्याला पाठवलं व्हीक्यू स्कॅनसाठी. सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, झाली की संपलं असं लोकांना वाटतं, पण जुन्या चिकटलेल्या गुठळ्या सीटीत सुटू शकतात, व्हीक्यू स्कॅनमध्ये हवा कुठं पोचते आणि रक्त कुठं पोचतं ते वेगवेगळं दिसतं, आणि तो नॉर्मल आला तर हा आजार जवळपास नाहीच. मावशींच्या स्कॅनमध्ये हवा सगळीकडं पोचत होती, रक्त दोन्ही बाजूंना जागोजागी गायब. मग मांडीतून नळी घालून दाब मोजला.

ऑपरेशन आहे, मोठं आहे, आणि देशात मोजक्याच ठिकाणी होतं. छाती उघडून, शरीर २० अंशांपर्यंत थंड करून, रक्त फिरायचं काही मिनिटं पूर्ण थांबवून वाहिनीच्या आतला तो थर सोलून काढतात. ज्यांचं ऑपरेशन होण्यासारखं नसतं त्यांना फुग्यानं वाहिनी उघडायची सोय आहे, रिओसिग्वाट नावाची गोळी आहे. पण ऑपरेशन होण्यासारखं असेल तर तेच पहिलं, कारण त्यात बरेच जण खरंच बरे होतात.

हे सगळं मी मावशींना कागदावर चित्र काढून समजावत होतो, गोळीनं का सुटणार नाही वगैरे, त्या मधेच म्हणाल्या, "म्हणजे दूध बुडाला लागलंय. पाणी ओतून काय होतंय, खरवडायलाच पाहिजे." माझं चित्र मी गुंडाळून टाकलं.

या आठवड्यात मी जुनी रजिस्टरं काढून बसलो होतो, गेल्या तीन वर्षांत गुठळी होऊन गेलेले माझ्याकडचे सात जण सापडले, सगळ्यांना फोन लावले. चौघं ठणठणीत आहेत, एकानं शिव्या घातल्या की बिल काढायचा धंदा आहे का, एकाचा नंबर बंद. सातवे रिक्षावाले आहेत, म्हणाले दम नाही लागत, पण मी जिना चढतच नाही हो डॉक्टर आता. त्यांना सोमवारी बोलावलंय.

मावशींची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. काल आल्या होत्या, ऑपरेशनबद्दल एक प्रश्न विचारला नाही, खानावळ किती दिवस बंद ठेवायची तेवढंच विचारलं. मी म्हटलं दोन-तीन महिने तरी धरा. जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पोरं जातील ओ दुसरीकडं." त्यावर मला काही बोलता आलं नाही, लाईट आलीय, बाहेर दोघं येऊन बसलेत.