कोणत्या कामाला कोणता परवाना

किल्ल्यांची छायाचित्रे आणि त्यांच्याबरोबरचे माहितीपर लेख, मराठी शुद्धलेखन तपासणारा एक लहानसा प्रोग्रॅम आणि काही कथा, असा माझा संसार गेल्या काही वर्षांत साठला आहे. हे सगळे एकाच मुक्त परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरण्याची आगाऊ परवानगी देऊन, खुले करून टाकावे, असा आग्रह मित्र धरतात. मला तो मान्य नाही.

मुळात काहीच न करणे हीदेखील एक निवडच असते. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखन कागदावर किंवा संगणकावर उतरताच त्यावर कॉपीराइट लागू होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ लिहिली नाही, तरी हक्क राखीवच राहतात. याचा व्यावहारिक परिणाम मात्र उलटा होतो. ज्याला उचलेगिरी करायची आहे तो खुशाल उचलतो, छायाचित्राखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असे छापून मोकळा होतो, आणि विचारून वापरणारा प्रामाणिक माणूस परवानगीच्या पत्राची वाट पाहत बसतो.

लेख व छायाचित्रे यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेले सहा परवाने आहेत. त्यांतला ‘व्यावसायिक वापरास मनाई’ हा पर्याय आपल्याकडे पुष्कळ जण डोळे झाकून निवडतात, कारण आपल्या श्रमांवर दुसऱ्याने पैसे कमावू नयेत ही भावना स्वाभाविक आहे. पण एखाद्या तालुक्याच्या गावातून निघणारा दिवाळी अंक डोळ्यांसमोर आणा. त्यावर किंमत छापलेली असते, आत पतपेढीच्या आणि सराफाच्या जाहिराती असतात, आणि छपाईचा खर्च निघाला तरी संपादक सुटकेचा नि:श्वास टाकतो. हा वापर व्यावसायिक धरायचा की नाही, याचा निर्णय स्वतःच्या जोखमीवर घेण्यापेक्षा तो संपादक माझा लेख बाजूला ठेवील. विकिपीडियाही या अटीचा मजकूर स्वीकारत नाही. म्हणजे मोठ्या कंपनीला अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणात ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे तेच अडकतात. ‘फेरबदलास मनाई’ ही अट तर अनुवादालाही आड येते. माझ्या लेखाचा कोकणीत किंवा कन्नडमध्ये अनुवाद झाला तर मला आनंदच होईल.

म्हणून या कामासाठी मी ‘श्रेयनिर्देश–समान परवाना’ याची ४.० ही आवृत्ती निवडली आहे. वापरणाऱ्याने माझे नाव द्यावे, परवान्याचा दुवा द्यावा, बदल केले असल्यास तसे सांगावे, आणि अनुवाद वा रूपांतर प्रसिद्ध केल्यास ते याच अटींवर खुले ठेवावे. मूळ लेख जसाच्या तसा अंकात छापला, तर शेजारच्या इतर लेखांना ही अट चिकटत नाही. कोणी अटी मोडल्या तर त्याचा परवाना आपोआप संपतो, मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो पुन्हा लागू होतो. नवख्या संपादकांचा विचार करता ही सवलत मला शहाणपणाची वाटते.

प्रोग्रॅमचे गणित वेगळे आहे. सॉफ्टवेअरसाठी आपले परवाने वापरू नयेत, असे क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगते. तेथे खरी निवड जीपीएल आणि एमआयटी यांसारख्या परवान्यांत असते. जीपीएलखालच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करून तो वितरित केला, तर त्याचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूरही, त्याच अटींवर द्यावा लागतो; एमआयटीत मूळ कॉपीराइटची सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की पुरते. तत्त्व म्हणून मला जीपीएल अधिक आवडतो. तरीही शुद्धलेखन तपासनीस हा मोबाइलच्या बंदिस्त, म्हणजे सोर्स कोड खुला नसलेल्या, कीबोर्डमध्येही शिरला पाहिजे, अन्यथा ‘आणी’ लिहिणाऱ्याला कोण अडवणार? म्हणून येथे एमआयटी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, आणि तो परवानाही फॉन्टला व्यावसायिक सॉफ्टवेअरबरोबर जाऊ देतो, फक्त नुसता फॉन्ट विकू देत नाही. नोकरदार प्रोग्रॅमरने मात्र आधी आपले नेमणूकपत्र वाचावे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालक-कंपनीच असते, आणि जे आपले नाही त्यावर परवाना देता येत नाही.

कथा मी राखून ठेवणार आहे. हे मुक्त परवाने परत घेता येत नाहीत. पुढे मी वाटप थांबवले, तरी ज्याच्या हाती प्रत गेली त्याचा हक्क कायम राहतो. कथेवर उद्या एकांकिका व्हावी की नाही, झाली तर कोणी करावी, हे ठरवण्याची मुभा मला इतक्या लवकर सोडायची नाही. प्रकाशकाशी करार करताना मुदत आणि प्रदेश मात्र लिहूनच घेईन. ते लिहिले नाहीत तर कायदा पाच वर्षे आणि भारत असे गृहीत धरतो. लेखकाला ही तरतूद सोयीचीच आहे, पण अमेरिकेतल्या मराठी वाचकासाठी ई-पुस्तक काढायचे ठरले की तिच्यावरूनच वाद सुरू होऊ शकतो.