प्लॉट संपल्यावर: मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या आणि औषधाच्या बाटल्या

ढबू मिरची किंवा टोमॅटोचा प्लॉट संपला की मिरज-तासगाव पट्ट्यात बेडवरचा (उंच वाफ्यावरचा) मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकणारं पातळ प्लास्टिक, ओरबाडून काढतात आणि बांधावर पेटवतात, नाहीतर ओढ्याकडेला टाकतात. ओढा येरळेला किंवा अग्रणीला मिळतो, त्या दोन्ही कृष्णेला. कोकण आपल्याला जवळ असलं तरी इथलं पाणी कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून थेट बंगालच्या उपसागरात जातं आणि काठावर पडलेला पेपरही त्याच वाटेला लागतो. त्यामुळे मी ही आवराआवर मृगाच्या आधीच उरकतो.

पाच फुटांवर बेड, चार फुटी पेपर आणि जाडी २५ मायक्रॉन धरली तर एकरी साधारण ७५ किलो प्लास्टिक निघतं. मातीसकट काढलं तर काट्यावर दुप्पटही भरेल, पण भंगारवाला खुळा नसतो. एकतर दर पाडतो, नाहीतर माल परत पाठवतो.

शेवटचा तोडा झाला की ठिबक बंद ठेवून बेड वाळू द्यायचा. ओल्या मातीत पेपर चिकटून बसतो. झाडं उपटू नयेत, मुळांबरोबर पेपर फाटतो. बुडख्यात विळ्यानं कापावीत. मग दोन्ही बाजूंनी मातीत दाबलेल्या कडा खुरप्यानं सैल करायच्या. खरा वेळ इथंच जातो आणि घाई केली की पेपर नेमका इथंच तुटतो: उन्हात राहिलेला मधला भाग कडक होऊन ठिसूळ झालेला असतो, गाडलेली कड मात्र नव्यासारखी चिवट. दोघांनी एका टोकानं उचलत, झटकत, गुंडाळत जायचं. पेपर दुसऱ्या पिकाला ठेवायचा मोह होतो, पण २५ मायक्रॉनचा असेल तर दुसऱ्या पिकानंतर काढताना हातात चुराच येतो. आणि पेपर पूर्ण निघाल्याशिवाय रोटर (रोटाव्हेटर) घालू नका. त्याचे तुकडे मातीत मिसळले की पुन्हा वेचून निघत नाहीत.

गठ्ठा सुतळीनं बांधत नाही, त्याच पेपरची पट्टी पिळून बांधतो. सुतळी आत राहिली की तीही कचराच. चंदेरी बाजू पाहून काही भंगारवाले ‘यात ॲल्युमिनियम आहे’ म्हणून नाकारतात. ॲल्युमिनियमचा वेगळा थर नसतो, चंदेरी आणि काळा दोन्ही थर पॉलिथिनचेच, फरक रंगाचा. तरीही पातळ पेपर नको म्हणणारेच जास्त भेटतात, त्यामुळे काढायच्या आधीच घेणारा ठरवून ठेवावा.

१६ मिलिमीटरच्या लॅटरलला, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीला, मात्र गिऱ्हाईक लगेच मिळतं. फक्त जॉइनर, एंड कॅप आणि रबरी ग्रोमेट काढून टाकायचे, आतलं पाणी झाडायचं आणि वेटोळी करायची. सबमेनचा (लॅटरलना पाणी देणारा) पीव्हीसी पाइप यात मिसळू देऊ नका. पॉलिथिन वितळवताना पीव्हीसीचा तुकडा आत गेला तर तो जळून आम्लाची वाफ सोडतो. सगळा घाणा खराब होतो आणि यंत्रही गंजतं. शंका आली तर नखाएवढा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून, बोटानं बुडबुडे काढून सोडून द्यायचा. पॉलिथिन वर येतं, पीव्हीसी तळाला बसतं.

खताच्या पोत्यात दोन प्रकार असतात: बाहेरचं विणलेलं पोतं बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं, आतली पिशवी पॉलिथिनची. शिवण उसवून आतली पिशवी ओढून काढायची, दोन ढीग वेगळे ठेवायचे.

औषधाच्या बाटल्यांचं काम फवारणीच्या दिवशीच करावं लागतं, कारण वाळलेलं औषध धुऊन निघत नाही. हातमोजे घालून, बाटली पूर्ण निथळली की पाव भाग पाणी घालायचं, टोपण लावून अर्धा मिनिट खळखळून हलवायची आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं. असं तीनदा. ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुवायचं नाही. मग तोंडावरची चमकी काढायची आणि बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं, म्हणजे कुणी त्यात रॉकेल-तेल भरणार नाही. या बाटल्या घरच्या भंगारात कधीच घालू नयेत. त्या प्लास्टिकपासून पुढं काय बनेल हे आपल्या हातात राहत नाही. मी त्या वेगळ्या पोत्यात, कुलपाच्या खोलीत ठेवतो आणि ज्या दुकानातून औषध घेतो तिथंच विचारतो, कंपनी परत नेते का. नेत नसेल तर निदान बिल करताना दर वेळी विचारत राहायचं, दुकानदार वैतागला तरी चालेल.