एस्टीमची बॅटरी डिकीत नेताना

माझी मारुती एस्टीम २००३ची. ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर वेळ लावून पळवायच्या शर्यतीला, उतरवायची म्हणून दोन वर्षं तिच्यावर जमेल तसं काम करतोय. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स सगळं नाकावर. वळणात जोरात घातली की नाक बाहेर पळतं. बॅटरी जेमतेम दहा किलोची, पण मागच्या चाकांच्याही मागे गेली तर फरक पडेल, आणि मोकळ्या झालेल्या जागेत एअर फिल्टर थंड हवेत बसवता येईल, असा विचार होता. तसं यात नवीन काही नाही. १९५९च्या पहिल्या मिनीची बॅटरी डिकीतच होती.

पुण्यातल्या तापकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप खालून जातात, म्हणून वायर आतून, गालिच्याखालून नेली. पत्र्यातून जिथे बाहेर काढली तिथे भोकाची कड वायरला कापू नये म्हणून रबरी ग्रोमेट, आणि अख्ख्या वायरवर प्लास्टिकचा नालीदार पाइप. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. या फ्यूजच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नव्हतो. गाडीचा सगळा पत्रा मायनस असतो. कुठे वायर घासून तांबं उघडं पडलं, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर फेकते आणि गालिचा पेटतो. हा फ्यूज त्या पाच मीटर वायरसाठी असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. इंजिनजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर.

मायनस डिकीतच पत्र्याला बोल्ट केली. आधी मायनसची जाड वायर थेट गिअरबॉक्सवर जायची, ती आता नको म्हणून काढून टाकली. चूक इथे झाली.

सेल्फ मारला. घुर्र... घुर्र... आणि थांबला. बॅटरी पूर्ण चार्ज होती. मला वाटलं, वायर बारीक पडली. आमच्या गाड्यांचं वायरिंग करणारे काका आले, त्यांनी मल्टिमीटर काढला आणि म्हणाले, "सेल्फ मार, मी मोजतो." बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या प्लसपर्यंत ०.६ व्होल्ट पडत होते, म्हणजे वाटेतच वाया जात होते. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत मोजलं, तर १.३! "अरे, प्लसची काळजी सगळे घेतात. करंट परत कुठून जाणार?"

परत जायला इंजिन ते पत्रा अशी एकच बारीक पट्टी उरली होती. तिचं थिंबल (टोकाला बोल्टसाठी दाबून बसवलेली धातूची कडी) हिरवं पडलेलं, हात लावला तर गरम. डिकीतल्या बोल्टखाली रंगही तसाच होता, मी तो खरवडलाच नव्हता.

मग पॉलिश पेपरने पत्रा चांदीसारखा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन लावलं. गिअरबॉक्स ते पत्रा अशी जाड वायर पुन्हा जोडली. प्लसची वायरही बदलून ५० चौरस मिलिमीटरची टाकली, थिंबलं हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतली. पुन्हा मोजलं: प्लसला ०.३, मायनसला ०.२. सेल्फ पहिल्याच झटक्यात फिरला.

साधी ॲसिडची बॅटरी मात्र मागे ठेवली नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीला पेट घेतो, आणि डिकी व केबिन यांच्यात फक्त मागच्या सीटची पाठ असते. सीलबंद एजीएम घेतली, म्हणजे जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं अशी बॅटरी, तिची व्हेंटची नळी तळातून बाहेर काढली. पट्ट्याने बांधणं मला पटलं नाही. लोखंडी चौकट करून आरपार बोल्ट आणि खाली मोठे वॉशर दिले. भोकं पाडण्याआधी गाडीखाली झोपून टाकी कुठवर येते ते दोनदा पाहिलं.

आता दर पावसाळ्यानंतर दहाचा पाना घेऊन ते दोन्ही अर्थिंगचे बोल्ट उघडतो, घासतो, पुन्हा आवळतो. यंदा गिअरबॉक्सवरचं थिंबल थोडं काळवंडलेलं निघालं, ते बदलून टाकलं.